सिलियाक निघाला? पोळीच्या आधी गिरणीचा विचार करा

आमच्याकडे लेकीला सिलियाक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार, त्यामुळे हा विषय घरात रोजचाच, आणि ओळखीत कुणाचं नवीन निदान झालं की फोन येतात तेव्हा मी जे सांगते तेच इथे जरा सविस्तर लिहितेय.

ज्यांना अजून फक्त संशय आहे त्यांच्यासाठी आधी एक महत्त्वाचं. तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू बंद करू नका. टीटीजी-आयजीए नावाची रक्ताची टेस्ट असते, ती या आजारातल्या अँटीबॉडी, म्हणजे शरीर स्वतःविरुद्ध तयार करतं ती प्रथिनं, मोजते. तिच्याबरोबर टोटल आयजीए पण करून घ्या कारण काहींचं आयजीए (अँटीबॉडीचा एक प्रकार) मुळातच कमी असतं आणि मग टीटीजी नॉर्मल दिसतं पण आजार असतो. त्यानंतर बहुतेक वेळा एंडोस्कोपी करून लहान आतड्याचा तुकडा तपासतात. गहू आधीच सोडला तर रक्तातल्या अँटीबॉडी उतरतात, आतडं सुधारायला लागतं, रिपोर्टमध्ये काहीच सापडत नाही आणि मग नक्की निदान करायला परत काही आठवडे गहू खायला लागतो, ते फार त्रासाचं होतं.

हा आजार म्हणजे ॲलर्जी नाही आणि "गहू पचत नाही" एवढंच पण नाही. ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते, मग लोह, कॅल्शियम, फोलेट काही नीट शोषलं जात नाही. म्हणून सगळ्यांना जुलाब होतातच असं नाही, कुणाचं हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही वर येत नाही, कुणाची उंची वाढत नाही, कुणाची हाडं ठिसूळ होतात, कुणाला तोंडात सारखे छाले येतात. यावर औषध नाही, गहू, जव आणि राय (रेय नावाचं परदेशी धान्य, मोहरीची राई नव्हे) ही ग्लुटेनवाली तीन धान्यं आयुष्यभर पूर्ण बंद, एवढाच उपाय आहे. पूर्ण म्हणजे किती पूर्ण, तर रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने जात राहिलं तरी आतड्याला इजा होते असं अभ्यासात दिसलंय. एका पोळीत साधारण दोन ग्रॅम ग्लुटेन असतं, म्हणजे पोळीचा चाळिसावा भाग. "थोडंसं खाल्लं तर काय होतंय" म्हणणाऱ्या आजीला, मावशीला, काकूला हा हिशोब शांतपणे सांगा, माझ्या अनुभवात तो पटतो.

आता चांगली बातमी. मराठी घरात अर्धं अन्न आधीपासूनच ग्लुटेनशिवाय आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, सगळ्या डाळी, बेसन. घावन, आंबोळी, धिरडी, पिठलं-भाकरी, उकडीचे मोदक, साबुदाण्याची खिचडी, हे सगळं चालतं. म्हणून सुरुवातीला घाबरून महागडी ग्लुटेन-फ्री बिस्किटं आणि ब्रेड मागवत बसू नका, त्यात बरेचदा नुसता स्टार्च आणि साखर असते.

पण ज्वारी चालते म्हणून आपण ती गिरणीत देतो आणि तिथेच सगळं बिघडतं. गिरणीत दिवसभर गहू दळला जातो, जात्यात, सोंडेत, पिशवीत, हवेत सगळीकडे कणीक असते. तुमच्या आधी कुणाचा गहू दळला असेल तर तुमच्या ज्वारीच्या पिठात पहिल्या घाण्याला चांगलंच गव्हाचं पीठ येतं. काही गिरण्यांत ज्वारी-बाजरीची चक्की वेगळी असते पण बाजूला गव्हाची चालूच असते, पीठ उडतंच, आणि ब्रश, सूप, डबे एकच असतात. कितीतरी जण म्हणतात गहू सोडून वर्ष झालं तरी टीटीजी खाली येत नाही, त्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारते की पीठ कुठून आणता.

यावर माझ्या मते एकच खात्रीचा उपाय आहे, घरघंटी घ्या आणि त्यात गहू कधीही, एकदाही घालू नका. घरातल्या बाकीच्यांचा गहू गिरणीतच जाऊ दे. खर्च मोठा वाटतो पण हे आयुष्यभराचं आहे, एखाद्या नवीन मोबाईलपेक्षा यावर पैसे घालवणं मला जास्त योग्य वाटतं. अगदीच जमत नसेल तर ग्लुटेन-फ्री असं स्पष्ट लिहिलेलं पॅकेटबंद पीठ घ्या, किंवा मिक्सरमध्ये तांदूळ, वरई थोडी थोडी दळून चाळून घ्या. आणि धान्य अख्खं आणलं तरी निवडायचंच, सुट्या ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात, मग धुऊन, कडकडीत वाळवून दळायचं. उपवासाच्या पिठांना पण हाच नियम, राजगिरा उपवासाचा असला तरी तो कुठल्या जात्यातून आला ते बघायचं.

दुसरा धोका खपली गव्हाचा. हल्ली खपली आरोग्याला चांगला म्हणून सगळीकडे विकला जातोय आणि लोक सिलियाकवाल्यांनाही खुशाल सांगतात की खपली चालतो. चालत नाही. खपली, बन्सी, लोकवन, सिहोर, सेंद्रिय, गावचा, जात्यावरचा, सगळा गहूच आहे आणि सगळ्यात ग्लुटेन आहे. रवा, मैदा, दलिया, शेवया, कुरडया, गव्हाचा चीक, सगळं त्यातच आलं.

मग येतो हिंग. बाजारातला हिंग शुद्ध नसतो, तो बांधायला बहुतेक वेळा मैदा घालतात, खडा हिंग म्हणून मिळतो त्यातही बरेचदा असतो. आपली आमटी, वरण, कोशिंबिरीची फोडणी, मठ्ठा, लोणचं, गोडा मसाला, पापड, सगळीकडे हिंग. तांदळाच्या पिठात बांधलेला ग्लुटेन-फ्री हिंग मिळतो, तो शोधून आणा किंवा सरळ लसूण-जिऱ्याची फोडणी द्या. मेतकुटात गहू असतो, थालीपीठाच्या भाजणीत असतो, सातूच्या पिठात असतो, म्हणून हे तिन्ही घरीच करायचं, गहू आणि जव वगळून, चवीला फार फरक पडत नाही. सोया सॉसमध्ये गहू असतो, दुधात घालायच्या बऱ्याच पावडरींमध्ये आणि कॉर्नफ्लेक्समध्ये माल्ट म्हणजे जवाचा अर्क असतो, बिअर पण जवाचीच.

घरात बाकीचे पोळ्या खाणार असतील तर पोळपाट-लाटणं, तवा, परात, चाळणी आणि टोस्टर वेगळं. लाकडी वस्तूच्या भेगांत आणि चाळणीच्या जाळीत पीठ अडकतं, धुऊन जात नाही. स्टीलची भांडी नीट घासली की चालतात. आधी भाकऱ्या, मग पोळ्या, असा क्रम ठेवा म्हणजे हवेतली कणीक पण टळते. दळण-डब्यांवर ठळक लेबल लावा, मदतीला येणाऱ्या ताईंना नुसतं "हे वेगळं आहे" न सांगता कारण सांगा. लहान मुलांना कणकेचा गोळा खेळायला देतात, खेळायच्या तयार मातीतही गव्हाचं पीठ असू शकतं, आणि मुलं हात तोंडात घालणारच.

पोळीची आठवण सगळ्यांनाच येते, मुलांना तर जास्तच. त्यासाठी ज्वारीची उकड करा. एक वाटी पाणी उकळायचं, मीठ आणि चमचाभर तेल, गॅस बारीक करून एक वाटी पीठ घालून ढवळायचं, झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं वाफ, मग बंद करून दहा मिनिटं तसंच. गरम असतानाच पाण्याचा हात लावून भरपूर मळायचं, खरी मेहनत इथेच आहे, भेगा गेल्या पाहिजेत. मग लाटता येते, फुगते पण, आणि डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते. तरी तुटत असेल तर पिठात चमचाभर इसबगोल घाला.

बाहेरचं जेवण हा सगळ्यात अवघड भाग. लग्नाच्या पंगतीत मसालेभात, बटाट्याची भाजी, मठ्ठा सगळ्यात हिंग, जिलबी मैद्याची, आणि वाढणारा ज्या हाताने पोळी वाढतो त्याच हाताने लिंबू. डबा न्या, लाजू नका, यजमानांना आदल्या दिवशी सांगितलं की ते समजून घेतात. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा असतो, तो नाही म्हणणं घरातल्या मोठ्यांना फार जड जातं, तेव्हा तीर्थ आणि केळं घ्या, आणि आपल्याकडे पूजा असेल तर सगळ्यांसाठीच तांदळाच्या रव्याचा शिरा करा म्हणजे कुणी वेगळं पडत नाही. वसई-गोव्याकडच्या ख्रिस्ती घरांतही हा प्रश्न येतो, चर्चमधला ऑस्ती, म्हणजे प्रार्थनेत प्रसाद म्हणून देतात ती पातळ भाकर, गव्हाचाच असतो, पण अगदी कमी ग्लुटेनचा ऑस्ती मान्य आहे, किंवा फक्त द्राक्षारस घेता येतो, फादरांशी आधी बोलून ठेवा. हॉटेलात वडा-भजी बेसनाची असली तरी त्याच तेलात समोसे तळतात आणि डोशाच्या तव्यावर पराठे भाजतात, हे विचारल्याशिवाय कळत नाही. विमानात ग्लुटेन-फ्री जेवण तिकिटाबरोबर आधीच सांगून ठेवता येतं.

पॅकेटवर एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमाप्रमाणे ग्लुटेन-फ्री म्हणायला किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं. "लो ग्लुटेन" म्हणजे 20 ते 100, ते आपल्यासाठी नाही. नेहमीच्या ब्रँडचं लेबलही दर वेळी वाचा कारण घटक बदलतात. ओट्स साधे घेऊ नका, त्यात गहू-जव मिसळलेला असतो, सर्टिफाइड ग्लुटेन-फ्रीच आणि तेही डॉक्टरांना विचारून. गोळ्या-औषधांत कुठला स्टार्च आहे ते केमिस्टला विचारा.

सुरुवातीला काही जणांना दूधही सोसत नाही, आतडं सुधारलं की बहुतेकांना परत सोसायला लागतं, तोवर ताक-दही बघा आणि नाचणी वाढवा, 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. लोह, बी12, डी, फोलेट आणि थायरॉइड तपासून घ्या, मोठ्यांनी हाडांची डेक्सा स्कॅन पण. टीटीजी साधारण सहा महिन्यांनी आणि मग वर्षाने परत करतात. मुलं लवकर सुधारतात, मोठ्यांच्या आतड्याला वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात, तेव्हा बरं वाटत नाही म्हणून निराश होऊन पथ्य सोडू नका.

आणि घरातल्या सख्ख्या नातेवाइकांची, म्हणजे आई-वडील, भावंडं, मुलं, सगळ्यांची टीटीजी टेस्ट करून घ्या, त्रास नसला तरी. त्यांच्यात साधारण दहातल्या एकाला हा आजार निघतो आणि कित्येकांना तो आहे हे माहीतच नसतं. टेस्ट होईपर्यंत त्यांची पोळी चालू राहू दे.