मंगल कार्यालयासाठी लायबिलिटी पॉलिसी घेताना काय बघावं

‘सगळं कव्हर होतं, निश्चिंत राहा’ म्हणणाऱ्या एजंटला एकच विचारा: जिलबीच्या कढईतलं तेल आपल्याच आचाऱ्याच्या पायावर सांडलं तर? ‘मिळतील की पैसे’ असं उत्तर आलं, तर दुसरा एजंट बघा. पब्लिक लायबिलिटी पॉलिसी तिऱ्हाइताच्या नुकसानीसाठी असते. बेसिनपाशी ओल्या फरशीवरून पाहुणा घसरला, खुबा मोडला आणि जबाबदारी कार्यालयावर आली, तर त्याची भरपाई आणि कंपनीच्या संमतीने झालेला वकिलाचा खर्च त्यातून मिळतो. आचारी-वाढप्यांसाठी कामगार भरपाईची पॉलिसी वेगळी काढायची.

मागताना ‘नॉन-इंडस्ट्रियल’ म्हणून मागा. १९९१ च्या ‘पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स’ कायद्याची सक्तीची पॉलिसी धोकादायक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे. भोपाळनंतर तो कायदा आला. नावं सारखी असल्याने गोंधळ होतो.

वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाचा. तुमच्या ताब्यात ठेवायला दिलेले दागिने, स्वतःच्या हॉलचं नुकसान, सरकारी दंड, करारात लिहून देऊन अंगावर घेतलेली जादा जबाबदारी, हे सगळं साधारणपणे बाहेर. जेवणातून विषबाधा आणि वादळात कोसळलेला मांडव यांची कलमं सहसा जादा हप्ता भरून जोडावी लागतात. पंगती उठणाऱ्या जागेने जेवणाचं कलम न जोडणं म्हणजे हप्ता पाण्यात.

मर्यादा दोन असतात: एका अपघाताची आणि वर्षाची. एकाच जेवणातून साठ जणांना बाधा झाली, तर तो सहसा एकच अपघात धरतात. त्यामुळे २५ लाख आणि १ कोटी अशी पॉलिसी असेल, तर साठ जणांत मिळून २५ लाख. वर्षाचा मोठा आकडा बघून भुलू नका.

आता तारखांचं प्रकरण. मलाही ते पहिल्या वाचनात उमगलं नव्हतं, आणि नूतनीकरणाच्या वेळी बहुतेकांचा पाय इथेच घसरतो. या पॉलिसीत अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू होती, एवढं पुरत नाही. भरपाईची मागणीही पॉलिसी चालू असतानाच यावी लागते, आणि अपघात ‘रेट्रोॲक्टिव्ह डेट’च्या, म्हणजे पॉलिसीवर छापलेल्या ज्या तारखेआधीचे अपघात धरत नाहीत तिच्या, नंतरचा असावा लागतो. पाहुण्याला ग्राहक आयोगात जायला मात्र दोन वर्षांची मुदत असते. समजा, मे २०२४ मध्ये पाहुणा पडला. एप्रिल २०२५ मध्ये तुम्ही हप्ता कमी म्हणून कंपनी बदलली आणि नव्या पॉलिसीवर रेट्रो तारीख पडली एप्रिल २०२५. नोटीस आली फेब्रुवारी २०२६ मध्ये. जुनी कंपनी म्हणते पॉलिसी संपली, नवी म्हणते अपघात आमच्या आधीचा. दोघीही कागदावर बरोबर, आणि पैसे तुमच्या खिशातून.

म्हणून कंपनी खुशाल बदला, पण जुनी रेट्रो तारीख नव्या पॉलिसीच्या शेड्यूलवर (तपशिलाच्या पानावर) छापून आल्याशिवाय चेक देऊ नका. एजंटचं तोंडी ‘होऊन जाईल’ चालणार नाही. नूतनीकरण एक दिवसही चुकवू नका. पॉलिसी बंदच केली, तर आधीच्या अपघातांच्या मागण्या कळवायला बहुतेक पॉलिसींत जास्तीत जास्त ९० दिवस मिळतात, तेही दुसरी पॉलिसी घेतली नसेल तरच.

दुसरा उपाय फुकटचा आहे आणि कोणी करत नाही. पाहुणा ‘काही नाही झालं हो’ म्हणत उठून गेला, तरी त्याच दिवशी कंपनीला ई-मेल करा: तारीख, वेळ, कोण पडलं, कुठे, कोणी पाहिलं. कंपनीने ती सूचना स्वीकारली, तर पुढे आलेली मागणी त्याच वर्षाच्या पॉलिसीत धरली जाते. पोच जपून ठेवा.

पाहुण्याला दवाखान्यात न्या, विचारपूस करा, पण ‘चूक आमचीच, सगळा खर्च देतो’ असं व्हॉट्सॲपवर लिहू नका. कंपनीला न विचारता दिलेली कबुली दावा अडवायला पुरते. नोटीस आली की उत्तर आपण लिहायचं नाही. पाकिटासकट त्याच दिवशी कंपनीकडे.