गाडीची ओढ, गाडीची धास्ती: नेमका शब्द कसा निवडावा

आमची आत्या चाळीस वर्षे मुंबईत राहिली, तरी रत्नागिरीला यायचे म्हटले की ती आजही आधी एसटीची चौकशी करते. गेल्या वर्षी तिच्या नातवाने कुठूनसा एक लांबलचक शब्द शोधून तिला ऐकवला, ‘सिडेरोड्रोमोफोबिया’, आणि आपल्याला काही गंभीर आजार जडला आहे असे वाटून ती दोन दिवस अस्वस्थ होती. शब्द खरा होता, मात्र तिला काय होते ते त्यातून कळत नव्हते. रेल्वेच्या भीतीसाठी आणि प्रेमासाठी निरनिराळ्या भाषांनी असे अनेक अनवट शब्द घडवले आहेत. ते उकलावेत कसे, कोणाला लावावेत आणि त्यांच्या जागी मराठी शब्द कसा योजावा, हे मी इथे सांगतो.

पहिले काम म्हणजे शब्द फोडून पाहणे. ग्रीक भाषेत ‘सिडेरोस’ म्हणजे लोखंड, ‘ड्रोमोस’ म्हणजे धाव किंवा धावण्याचा मार्ग आणि ‘फोबोस’ म्हणजे भय. यातला ‘ड्रोमोस’ आपल्याला अगदीच परका नाही, कारण जुनी माणसे विमानतळाला ‘एरोड्रोम’ म्हणत, आणि संस्कृतातील धावणे या अर्थाचा ‘द्रम्’ हा धातू त्याच कुळातला आहे. तिन्ही तुकडे जोडले की ‘लोखंडी मार्गाचे भय’ एवढाच अर्थ निघतो, आणि उच्चारही सिडेरो, ड्रोमो, फोबिया असा तीन दमांत सहज होतो. शेवटी ‘फिलिया’ लावला की भयाचे प्रेम होते. हा प्रत्यय मात्र जपून वापरावा, कारण वैद्यकात आणि मानसशास्त्रात तो विकार किंवा विकृती दाखवणाऱ्या शब्दांनाही लागतो, आणि गाड्यांवर निर्मळ प्रेम करणाऱ्या माणसाला तो चिकटवणे बरे दिसत नाही.

दुसरे काम सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि तेच बहुतेक जण टाळतात. समोरच्या माणसाला नेमकी कशाची भीती वाटते, हे त्यालाच विचारावे. कोकणात हा प्रश्न विशेष गरजेचा आहे, कारण २६ जानेवारी १९९८ पासून रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सलग धावू लागलेल्या कोकण रेल्वेच्या मार्गावर ९०हून अधिक बोगदे आहेत, उंच पूल आहेत, खोल कापलेल्या डोंगरकडा आहेत, आणि या प्रत्येकाची भीती निराळी आहे. उक्षी आणि भोके या स्थानकांच्या दरम्यानचा करबुडे बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटर लांब आहे. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने गेली तरी डब्याबाहेरचा काळोख आणि आतला घुमणारा आवाज सहा मिनिटांहून अधिक टिकतो. तिथे ज्याचा जीव घाबरा होतो, त्याला रेल्वेची भीती नसून कोंडले जाण्याची असते, आणि तिचे नाव ‘क्लॉस्ट्रोफोबिया’ आहे. बंद जागा किंवा अडसर या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून ते आले. रत्नागिरीच्या दक्षिणेला, निवसरकडे जाताना, पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब पूल लागतो. तिथे डोळे मिटून घेणाऱ्याला पुलांची भीती असेल तर ‘गेफायरोफोबिया’ म्हणावे आणि उंचीची असेल तर ‘ॲक्रोफोबिया’. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत जनरल डब्यात पाय ठेवायला जो धजत नाही, त्याची भीती गर्दीची आहे. ग्रीकातून तिला ‘ऑक्लोफोबिया’ म्हणतात, पण चाकरमान्यांच्या त्या गर्दीत उभे राहिलेल्या कोणालाही तिचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. प्रवास कोणत्याही वाहनाचा असो, प्रवासाला निघणेच ज्याला धास्तीने नकोसे होते, त्याच्यासाठी ‘होडोफोबिया’ हा शब्द आहे. एवढे सगळे वगळून रूळ, इंजिन आणि गाडी यांचेच भय शिल्लक उरले, तर आणि तरच ‘सिडेरोड्रोमोफोबिया’ म्हणावे.

पावसाळ्यात दरड कोसळेल की काय, ही काळजी या यादीत घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या काळात कोकण रेल्वे स्वतःच वेगळे वेळापत्रक लावते, गाड्यांचा वेग कमी ठेवते आणि रुळांवर गस्त वाढवते. ज्या काळजीची दखल रेल्वेचे वेळापत्रकही घेते, तिला सावधगिरी म्हणतात.

तिसरे काम म्हणजे भीतीची छटा ओळखणे, आणि इथे आपली मराठी ग्रीकपेक्षा कितीतरी सूक्ष्म आहे. पुढे काय होईल या विचाराने मनात घर करून बसते ती धास्ती. इंजिन फलाटावर धडधडत आल्यावर क्षणभर भरते ती धडकी. लहान मूल शिट्टी ऐकून आईच्या पदराआड जाते, तेव्हा ते बुजते. आणि एखादा प्रसंग घडून गेल्यावर त्याचा जो ठसा मनावर राहतो, तो धसका. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स ९ जून १८६५ रोजी इंग्लंडमधील स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातात सापडला. दुरुस्तीसाठी रूळ काढलेल्या पुलावर गाडी आली, दहा माणसे दगावली आणि डिकन्सने स्वतः जखमींना मदत केली. त्यानंतरही तो रेल्वेने फिरत राहिला, पण प्रवासात त्याला मध्येच कापरे भरे. याला ‘फोबिया’ म्हणण्यापेक्षा ‘धसका’ म्हटले की सारे कळते. पुढच्याच वर्षी, १८६६ मध्ये, जॉन एरिक एरिकसेन या लंडनच्या शल्यविशारदाने रेल्वे अपघातांनंतर दिसणाऱ्या मज्जासंस्थेच्या दुखापतींवर व्याख्याने प्रसिद्ध केली, आणि अशा रुग्णांच्या त्रासाला ‘रेल्वे स्पाइन’ (स्पाइन म्हणजे पाठीचा कणा) हे नाव रूढ झाले. मागाहून ते वैद्यकातून मागे पडले.

वैद्यकाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. मनोविकारतज्ज्ञ निदान लिहिताना असे ग्रीक नाव सहसा वापरत नाहीत. ते ‘विशिष्ट भयगंड’ असे म्हणतात, आणि तेही भीती साधारण सहा महिने किंवा अधिक काळ टिकून माणसाच्या रोजच्या व्यवहारात अडथळा आणू लागली तरच. आजारी आईला भेटायला जायचे असूनही कोणी गाडीत बसू शकत नसेल, तर त्याला शब्दकोश देऊ नये, तज्ज्ञांकडे न्यावे. थोड्याथोड्या सरावाने अशी भीती उतरू शकते.

प्रेमाच्या शब्दांना इतकी काळजी लागत नाही. इंग्रजीत गमतीने घडवलेला ‘फेरोइक्विनॉलॉजी’ म्हणजे लोखंडी घोड्याचे शास्त्र. त्यातला ‘इक्वस’ हा लॅटिन घोडा आपल्या ‘अश्वा’चा भाऊबंद आहे, त्यामुळे ‘लोहाश्वविद्या’ हे त्याचे भाषांतर जणू तयारच होते. जपानी लोक गाड्यांचे फोटो काढणाऱ्याला ‘तोरी-तेत्सु’ आणि गाड्यांतून फिरण्याची हौस असलेल्याला ‘नोरी-तेत्सु’ म्हणतात. ‘तेत्सु’ म्हणजे पुन्हा लोखंडच. पानवलच्या पुलासमोर मांडवी एक्सप्रेसची वाट पाहत कॅमेरा लावून बसणारा पहिला, आणि दिवा-सावंतवाडी गाडीत केवळ प्रत्येक स्थानकाची पाटी वाचण्यासाठी बसणारा दुसरा. जर्मन भाषेत अशा वेड्याला हिणवून ‘बफरचे’, म्हणजे डब्याच्या टोकाला धक्का झेलणाऱ्या भागाचे, ‘चुंबन घेणारा’ म्हणतात, तो शब्द मी तरी कोणाला लावणार नाही. त्याच भाषेतला ‘रायझेफीबर’, म्हणजे प्रवासाचा ताप, मला मात्र फार आवडतो, कारण निघण्यापूर्वीची ओढ आणि हुरहूर त्यात एकत्र आहे. मे महिन्यात गावी जायच्या आदल्या रात्री ज्या मुलांना झोप लागत नाही, त्यांना तो अचूक लागू पडतो.

शेवटचे काम मराठी शब्द घडवण्याचे. ग्रीक, जपानी, जर्मन, सगळ्यांना रेल्वेत लोखंड दिसले आणि आपल्या ‘लोहमार्गा’तही ते आहे, पण बोलणाऱ्या माणसांनी तिच्यात आग पाहिली आणि ‘आगगाडी’ म्हटले, मुलांनी तिचा आवाज ऐकला आणि ‘झुकझुकगाडी’ म्हटले. म्हणून शब्द जोडताना दोन्ही तुकडे एकाच घरातले घ्यावेत. ‘लोहमार्गभय’ लेखात शोभते, ‘गाडीवेडा’ बोलण्यात शोभतो, आणि ‘लोहमार्गवेडा’ कुठेच शोभत नाही. जिथे समास अवघडतो तिथे तो सोडून द्यावा; ‘बोगदाभय’ म्हणण्यापेक्षा ‘बोगद्याची धास्ती’ कधीही चांगली. शब्द तयार झाला की तो ज्याच्यासाठी केला त्याच्यासमोर एकदा मोठ्याने म्हणून पाहावा, आणि मालवणी माणूस ‘माका भिया वाटता’ एवढेच म्हणून थांबत असेल तर आपणही तिथेच थांबावे.

आत्याला मी शेवटी विचारले, तेव्हा कळले की तिला गाडी आवडते, खिडकीही आवडते. फक्त संगमेश्वर गेल्यावर येणारा तो एक लांब काळोख तिला सोसत नाही. यंदा ती आमच्याबरोबर गाडीने आली. उक्षी आल्यावर मी तिला सांगितले, “आत्या, आता सहा-सात मिनिटे.” तिने माझा हात धरला आणि भोके येईपर्यंत मिनिटे मोजली.