घरच्यांचे उन्हातले फोटो : फ्लॅश आणि रिफ्लेक्टरने चेहरा कसा उजळावा

‘बाहेर एवढा लख्ख उजेड असताना फ्लॅश कशाला?’ असं विचारणाऱ्यांचे फोटो मागवून बघा. आईच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, बाबांच्या नाकाखाली सावलीची मिशी आणि पोरांचे डोळे मिटलेले. उजेड भरपूर असतो, पण तो डोक्यावर पडतो आणि चेहरा कोरडाच राहतो. फ्लॅशची सगळ्यात जास्त गरज कडक उन्हात लागते.

दुसरा लाडका सल्ला म्हणजे ‘संध्याकाळच्या सोनेरी उन्हात काढा, काहीच लागत नाही’. घरचे दहा जण एकत्र जमतात ती वेळ आपल्याला विचारून ठरत नाही. बाळ जागं असेल आणि आजोबा बसायला तयार असतील, तीच वेळ. ऊन जसं असेल तसं घ्यायचं आणि त्यातून काम काढायचं.

मॅन्युअल मोड असलेला कॅमेरा, फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब ठेवून पेटवणारा ट्रिगर, स्टँड, फ्लॅशचा उजेड मऊ करणारी छत्री किंवा लहान सॉफ्टबॉक्स आणि ऊन चेहऱ्यावर परतवणारा घडीचा गोल रिफ्लेक्टर तुमच्याकडे आहे असं धरून चालते. बॅटऱ्या चार्ज करा वगैरे सांगत बसत नाही.

माणसं कुठे उभी करायची

सूर्य त्यांच्या पाठीशी, किंचित एका बाजूला. डोळे मिचमिचत नाहीत आणि केसांना, खांद्यांना उजेडाची छान कड मिळते. मागे गडद झाडी असेल तर ती कड उठून दिसते. लेन्सला हूड, म्हणजे थेट ऊन अडवणारी कड, लावा.

रिफ्लेक्टर : पांढरी बाजू, छातीच्या वर

एकटं माणूस किंवा फार तर जोडी असेल तर फ्लॅशआधी रिफ्लेक्टर उघडा. १०० ते ११० सेंटीमीटरचा घ्या. त्याहून लहान असेल तर फक्त गाल उजळतो आणि मान अंधारात राहते.

सोनेरी बाजू विसरून जा. विकत घेतल्यावर सगळे आधी तीच वापरतात आणि घरच्यांना कावीळ झाल्यासारखे फोटो काढतात. नंतर रंग सुधारायला गेलात तर पाठीमागचं गवत आणि कपडे बिघडतात, कारण पिवळेपणा फक्त चेहऱ्यावर असतो. चंदेरी बाजू लांबून मारा करायला बरी, पण जवळ आणली की समोरचा माणूस डोळे उघडू शकत नाही. आणि डोळे उघडे राहावेत म्हणून तर आपण सूर्य पाठीमागे घेतला होता. पांढरी बाजू सौम्य असते, म्हणून ती जवळ लागते : फोटोच्या चौकटीत दिसणार नाही इतकी जवळ.

रिफ्लेक्टर जमिनीवर किंवा मांडीवर आडवा ठेवू नका. खालून आलेला उजेड नाकपुड्या आणि हनुवटीचा खालचा भाग उजळतो, आणि आपली प्रेमळ आजी भुताच्या गोष्टीतली वाटायला लागते. तो बाजूने, छातीपासून वर धरायचा. धरणाऱ्याला एवढंच सांगा : ‘उजेडाचा गोळा आधी कपड्यांवर शोध, मग हळूहळू चेहऱ्यावर आण, आणि चेहरा पूर्ण उजळला की रिफ्लेक्टर अगदी जरासा फिरव.’ त्या शेवटच्या जराशाने गोळ्याची कड वापरली जाते आणि कपाळावरची चमक जाते.

वरचं आवरण काढलं की आत अर्धपारदर्शक कापड निघतं. दुपारी बाराला सूर्य पाठीशी घ्यायचा म्हटलं तरी घेता येत नाही, तेव्हा ते डोक्यावर छपरासारखं धरा. साधारण एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड खाऊन ते सावल्या मऊ करतं. मात्र मग चेहऱ्याच्या तुलनेत मागचं दृश्य उजळ होतं, त्यामुळे पाठीमागे मोकळं आकाश नको.

चार-पाच माणसांना किंवा ढगाळ दिवशी रिफ्लेक्टरचा उपयोग नाही. इतक्यांना तो पुरत नाही, आणि ढगाळ असेल तर परतवायला ऊनच नसतं.

फ्लॅश कुठे ठेवायचा

सूर्याच्या विरुद्ध बाजूला, कॅमेऱ्यापासून साधारण ४५ अंशांवर, डोळ्यांच्या पातळीपेक्षा हातभर वर. डोळ्यांत फ्लॅशचा ठिपका वरच्या अर्ध्या भागात दिसला की उंची बरोबर. चष्मा असेल तर फ्लॅश आणखी वर आणि बाजूला सरकवा आणि चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचला, म्हणजे काचा खाली झुकतात आणि छत्रीचं प्रतिबिंब निघून जातं. हे लपून जातं, कोणाला कळत नाही.

बाहेर छत्री लावलेला स्टँड मोकळा सोडू नका. झुळूक पुरते. पायाशी वाळूची पिशवी किंवा भरलेली बॅग अडकवा, नाहीतर एक माणूस धरायला उभा करा.

आता खरी गोम : एका फोटोत दोन एक्सपोजर

एक्सपोजर म्हणजे फोटोत घेतलेला उजेड. इथे बहुतेकांची गाडी अडते. माझीही बरेच दिवस अडली होती, कारण वाचलेल्या प्रत्येक लेखात ‘फ्लॅश आणि सूर्यप्रकाशाचा समतोल साधा’ असं लिहिलेलं असायचं आणि तो कोणत्या बटणाने साधायचा ते कुठेच नसायचं. तर बटणं अशी.

फ्लॅशचा झोत क्षणात येतो आणि संपतो. कमी पॉवरवर तर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लवकर. शटर त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ उघडं असतं. म्हणून शटर आणखी थोडा वेळ उघडं ठेवलं तरी फ्लॅशचा उजेड वाढत नाही. त्याचं काम कधीच उरकलेलं असतं. वाढतो तो फक्त आजूबाजूचा उजेड. अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) दोन्ही उजेडांना सारखेच कमीजास्त करतात. आणि फ्लॅशची पॉवर किंवा अंतर बदललं तर फक्त फ्लॅश बदलतो. थोडक्यात, आकाशासाठी शटर आणि चेहऱ्यासाठी फ्लॅशची पॉवर. अ‍ॅपर्चर एकदा ठरलं की त्याला हात लावायचा नाही.

आता क्रम. फ्लॅश बंद ठेवा. आयएसओ १००, शटर १/२०० सेकंद. चेहऱ्याकडे बघूही नका; फक्त आकाश आणि मागचं दृश्य बघत अ‍ॅपर्चर बदलत जा. दृश्य हवं त्यापेक्षा अर्धा-पाऊण स्टॉप गडद आलं की थांबा. उन्हं कलल्यावर हे साधारण एफ/८च्या आसपास येतं, भर उन्हात एफ/११ (आकडा मोठा तितकं भोक लहान). या फोटोत माणूस जवळजवळ काळा दिसेल. तसाच दिसायला हवा. इथेच घाबरून लोक अ‍ॅपर्चर उघडतात, चेहरा सुधारतो, आकाश पांढरंफटक होतं, आणि मग ‘फ्लॅशने काही फरक पडत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

मग फ्लॅश सुरू करा. छत्री दीड मीटरवर, पॉवर १/४, म्हणजे पूर्ण ताकदीच्या पाव. चेहरा गडद आला तर १/२ करा. जास्त उजळला तर १/८. प्रत्येक पायरी म्हणजे बरोबर एक स्टॉप. छत्री जवळ आणली तरी तेच होतं, आणि ते जास्त झपाट्याने होतं, कारण अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो.

आता फोटो मोठा करून बघा, पण डोळे नकोत, मान बघा. चेहरा उजळ आणि मागचं सगळं मंद असेल, हनुवटीखालच्या सावलीची कड धारदार असेल, तर माणूस दुसऱ्या फोटोतून कापून चिकटवल्यासारखा दिसतो. फ्लॅशला घाबरणारे लोक ज्याला घाबरतात ते हेच. यावर ‘फ्लॅश कमी करा’ असं सांगतात. करून बघा : चेहराही मंद होतो, दृश्य होतंच मंद, आता सगळंच मरगळलेलं. उपाय शटरमध्ये आहे. १/२००वरून १/१२५ करा, मग १/१००. चेहऱ्यावरचा फ्लॅश तेवढाच राहतो, पण मागची झाडं आणि सावलीतला गाल हळूहळू वर येतात आणि एका टप्प्यावर चिकटवलेपणा विरून जातो. तिथे थांबा. पोरं पळत असतील तर १/१००च्या खाली जाऊ नका, हात हलल्याच्या धूसर कडा येतात.

ढग आला-गेला तरी हाच नियम. ढग आला की फक्त शटर हळू, गेला की पुन्हा १/२००. फ्लॅशला हात लावायचा नाही. याच कारणासाठी टीटीएल, म्हणजे फ्लॅशची पॉवर कॅमेऱ्यानेच ठरवणं, मला नको वाटतं. एकाने पांढरा शर्ट घातला आणि दुसऱ्याने काळा कोट, की टीटीएल दर फोटोला नवा हिशेब मांडतं आणि दोन सारखे फोटो मिळत नाहीत. माणसं जागेवर उभी आहेत, फ्लॅश जागेवर आहे, मग हिशेब बदलायचं कारण काय? लहान मूल इकडून तिकडे धावत असेल तेव्हा मात्र टीटीएल वापरा, फ्लॅशची भरपाई उणे एकवर (एक स्टॉप कमी) ठेवून.

१/२००च का?

बहुतेक कॅमेऱ्यांत शटरचे दोन पडदे असतात. १/२०० किंवा १/२५०पर्यंत पहिला पडदा पूर्ण उघडल्यावर दुसरा निघतो. त्याहून वेगात दुसरा आधीच निघालेला असतो आणि फ्लॅश पेटतो तेव्हा चौकटीचा काही भाग झाकलेला असतो. फोटोत काळा पट्टा येतो. ही मर्यादा म्हणजे सिंक स्पीड. तुमच्या कॅमेऱ्याची किती आहे ते माहितीपत्रकात बघून घ्या.

यामुळे भर उन्हात मागची झाडी धूसर करायला एफ/२.८ हवं असेल तर पंचाईत होते, कारण तिथे शटर १/३२००पर्यंत जातं. एक वाट हायस्पीड सिंक. त्यात फ्लॅश एका झोताऐवजी भराभर लहान झोत टाकतो आणि ताकदीत साधारण दोन स्टॉपचा फटका बसतो. छत्रीत तितकेच आणखी जातात. लहान फ्लॅशकडे भर उन्हात एवढं देण्यासारखं काही उरत नाही. मी लेन्सवर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (रंग न बदलता उजेड कमी करणारी गडद काच) लावते : शटर १/२००वरच, अ‍ॅपर्चर एफ/११वरून एफ/४. फिल्टरने जेवढा फ्लॅश अडतो तेवढाच उघडलेल्या अ‍ॅपर्चरने परत मिळतो, म्हणून पॉवर बदलावी लागत नाही. आणि घरच्यांच्या फोटोला एफ/४ पुष्कळ झालं. एकाचे डोळे स्पष्ट आणि शेजारच्याचे धूसर असा फोटो भिंतीवर लावायला कोणालाच आवडत नाही.

पांढरे केस, स्क्रीन आणि रंग

सूर्य पाठीशी असताना आजीचे पांढरे केस सगळ्यात आधी जळतात, म्हणजे तपशील जाऊन पांढरेफटक होतात. उन्हात कॅमेऱ्याची स्क्रीन अंधारी दिसते आणि आपण नकळत सगळं उजळ करत जातो. अतिउजळ भाग लुकलुकवणारा इशारा चालू ठेवा. केसांची बारीक कड लुकलुकली तर चालेल. डोक्याचा अख्खा वरचा भाग लुकलुकला तर सूर्य थेट मागे आहे, आजीला दोन पावलं सरकवून झाडाच्या विरळ सावलीत घ्या. एडिटिंगमध्ये ते केस परत येत नाहीत.

व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग जुळवणारं सेटिंग) ऑटोवर नको, डेलाइटवर ठेवा. मावळतीला फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावा, अर्ध्या ताकदीची. फ्लॅश साधारण ५५०० केल्व्हिनचा असतो, मावळतीचं ऊन ३५०० किंवा त्याहूनही खाली. जेल नसेल तर चेहरा निळसर आणि केसांची कड केशरी दिसते.

अख्खं कुटुंब असेल तर

छत्री जवळ ठेवायचा नियम इथे उलटतो. फ्लॅशपासून एक जण एक मीटरवर आणि दुसरा दोन मीटरवर असेल तर दोघांत दोन स्टॉपचा फरक पडतो. तेच तीन आणि चार मीटरवर असतील तर फरक एका स्टॉपपेक्षाही कमी. म्हणून स्टँड मागे न्या, उंच करा, कॅमेऱ्याच्या जवळ आणा आणि उजेड लांबच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाकडे रोखा. जवळच्यांना कडेचा उजेड आपोआप पुरतो. एवढ्या लांबून कडक उन्हात छत्रीतला लहान फ्लॅश पुरत नाही, तेव्हा छत्री काढून टाका. ऊन मागे आणि गट मोठा असताना उघड्या फ्लॅशच्या सावल्या खटकत नाहीत.

शेवटचं म्हणजे घाई. मोठ्या पॉवरवर फ्लॅशला पुन्हा भरायला काही सेकंद लागतात, आणि त्याआधी बटण दाबलं तर नेमका जो फोटो सगळ्यांना आवडतो त्यातच चेहरे काळे येतात. सगळ्यांना डोळे मिटायला सांगा, तीन म्हटल्यावर उघडायला सांगा, आणि तोवर फ्लॅशचा दिवा तयार झालाय का ते बघा. असे निदान सहा-सात फोटो काढल्याशिवाय कोणालाही जागेवरून हलू देऊ नका.