रक्त आधी, गोळी नंतर

किडनी बसवून वर्ष उलटलं, क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारा रक्तातला आकडा) १.२ वर स्थिर आहे, की हात सैल पडतो. लग्नघरी रात्रीची गोळी राहून जाते. दुखत-खुपत काहीच नाही, म्हणून "एवढ्याने काय होतंय!" असं वाटतं. पण टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या या औषधाची, रक्तातली पातळी वरचेवर खाली गेली की शरीर दात्याच्या पेशींवरच्या एचएलए प्रथिनांविरुद्ध (यांवरूनच शरीर आपलं-परकं ओळखतं) अँटीबॉडी बनवू लागतं. या अँटीबॉडी नव्या किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर हल्ला करतात. क्रिएटिनिन वाढेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असू शकतं, आणि या अँटीबॉडी एकदा तयार झाल्या की त्यांना हटवणं महाकठीण.

दिवसातून दोनदा गोळी असेल तर मध्ये १२ तास हवेत. सकाळी ९, रात्री ९, फोनला दोन गजर. प्रवासात औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका.

पातळी तपासायच्या सकाळी घरी गोळी खाऊन निघू नका. डबी सोबत न्या, रक्त द्या, मग तिथेच घ्या. आधीच गोळी खाण्याची चूक भलेभले करतात. आकडा फुगलेला येतो आणि डोस विनाकारण कमी होतो.

केमिस्टने "तेच औषध, कंपनी वेगळी" म्हणून दिलं तर आधी डॉक्टरांना फोन करा. क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) किंवा फ्लुकोनॅझोलने (बुरशीवरचं औषध) पातळी चढते, रिफॅम्पिसिनने (टीबीचं औषध) कोसळते. पपनस आणि ग्रेपफ्रूट बंद. गोळी विसरलात तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका, ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला विचारा. उलटी किंवा जुलाब झाले तरी त्याच दिवशी कळवा.