बारा महिने मोटारसायकल चालवायची असेल, तर राहायचे कुठे?

महाराष्ट्रात मोटारसायकल बाराही महिने चालवता येते, मात्र प्रत्येक गावातून नाही. बदलीचे ठिकाण निवडण्याची मुभा असलेले, घरून काम करणारे किंवा निवृत्तीनंतर नवे गाव शोधणारे अनेक जण दिवाळीनंतर एखाद्या ठिकाणी फिरून येतात, तिथल्या रस्त्यांवर खूश होतात आणि तेवढ्यावर घर ठरवून टाकतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत राज्यातला जवळजवळ प्रत्येक बरा रस्ता गाडी चालवण्याजोगा असतो, त्यामुळे त्या दिवसांतल्या अनुभवावरून काहीच सिद्ध होत नाही. घर ठरवावे ते जुलै आणि मे हे दोन महिने समोर ठेवून. ते दोन निभावले की बाकीच्यांची काळजी उरत नाही.

जुलैचा विचार करताना सह्याद्रीची रांग नेमकी कुठे आहे आणि आपण तिच्या कोणत्या बाजूला, किती अंतरावर आहोत, हे सर्वांत महत्त्वाचे ठरते. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तिथून रस्त्याने साधारण ३०-३५ किलोमीटरवर असलेल्या वाईला तो १,००० च्याही आत असतो. आणखी पूर्वेला माण आणि फलटण तालुक्यांत तर ५०० च्या आसपासच येतो. पाचगणीहून पसरणी घाट उतरताना हा फरक प्रत्यक्ष दिसतो. वर दाट धुके असते, हेल्मेटची काच आतून-बाहेरून ओली होते आणि पुढच्या वाहनाचा लाल दिवा तेवढा दिसतो. अर्धा घाट उतरला की धुके डोक्यावर राहते, काळेभोर डांबर करडे होऊ लागते आणि वाईत पोहोचेपर्यंत रेनकोट काढून डिकीत टाकावासा वाटतो.

म्हणून माझे ठाम मत असे आहे की, घर या दोन प्रदेशांच्या शिवेवर असावे. पश्चिमेला तासाभरात घाटमाथा गाठता आला पाहिजे आणि पूर्वेला तेवढ्याच वेळात पर्जन्यछायेत शिरता आले पाहिजे. पावसाळ्यात गाडी पूर्वेकडे वळवावी, उन्हाळ्यात पश्चिमेकडे; कोणत्याही महिन्यात निदान एक दिशा खुली राहते.

या कसोटीवर सातारा मला सर्वांत पुढे वाटते. पावसाळ्यात कोरेगाव, पुसेगाव, दहिवडीवरून पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले की पाऊस मागे पडत जातो, माळरान हिरवे झालेले असते आणि रस्ता बहुधा कोरडा मिळतो. मे महिन्यात दुपार टळली की कास किंवा महाबळेश्वरकडे निघावे. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर असल्याने वर चढताना हवेतला फरक जाणवतो. पुणे आणि कोल्हापूर दोन्ही दोन-अडीच तासांच्या अंतरावर आहेत, त्यामुळे मोठे सर्व्हिस सेंटर किंवा दुर्मीळ सुटा भाग यांसाठी अडून राहावे लागत नाही. एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या तिथल्या वाऱ्यामुळेच, आणि पावसाळ्यात हाच वारा आडवा येऊन हलकी गाडी रस्त्याच्या कडेला ढकलतो. त्या दिवसांत तिथे मागे माणूस बसवून जाऊ नये.

उत्तरेकडे हाच गुण नाशिकमध्ये आहे. इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वर चिंब भिजत असताना सिन्नर, निफाड बऱ्यापैकी कोरडे असतात. तिथली अडचण थंडीची आहे: डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा अनेकदा दहाच्या खाली जातो, तेव्हा पहाटे निघणाऱ्याने चांगले हातमोजे घेतल्याशिवाय निघू नये. कोल्हापूरला घाटांची श्रीमंती आहे, कारण आंबा, गगनबावडा, फोंडा आणि आंबोली हे सारे मार्ग एका दिवसाच्या टप्प्यात येतात आणि शिरोळ-जतच्या बाजूला पाऊस कमी असतो. पण २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला होता, हे विसरून तिथे घर घेऊ नये. पूररेषेपासून दूर, उंचावरची वस्ती पाहावी. बेळगावही याच शिवेवर आहे आणि मराठी माणसाला तिथे परके वाटत नाही.

कोकणात वर्षभर राहून गाडी चालवणारे पुष्कळ आहेत आणि तिथल्या किनाऱ्याच्या रस्त्यांची सर दुसरीकडे नाही, तरीही केवळ हौसेखातर तिथे घर घेण्याचा सल्ला मी देणार नाही. जून ते सप्टेंबर सलग पाऊस, घाटात कोसळणाऱ्या दरडी आणि खाऱ्या हवेने चेन, स्पोक व सायलेन्सरवर चढणारा गंज, हे सारे सांभाळावे लागते. विदर्भाचे रस्ते रुंद आणि मोकळे, पावसाळाही सुसह्य. परंतु एप्रिलच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या घरात जातो आणि सकाळी नऊनंतर गाडी चालवणे प्रकृतीला घातक ठरू शकते. पुण्याचे हवामान उत्तम आहे, पण शहराबाहेर पडण्यातच तास जात असेल तर त्या हवामानाचा उपयोग काय? पुणेच हवे असेल, तर सासवडच्या बाजूला पाहावे. नकाशावर दिसणारे महामार्ग हिशेबात धरताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग या दोन्हींवर दुचाकीला बंदी आहे, हेही लक्षात असू द्यावे.

दोन-तीन गावे मनात पक्की झाली की आकडे पाहावेत. राज्याच्या कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर तालुकानिहाय पाऊस मिळतो. जिल्ह्याची सरासरी पाहून फसू नये, कारण सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वर आणि माण दोन्ही आहेत. त्यानंतर त्या गावी जुलैत दोन दिवस राहावे आणि दुसरी फेरी जानेवारीत, तीही रात्रीची करावी. ऊसपट्ट्यातला खरा धोका तेव्हाच कळतो. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि मोठ्या आवाजातल्या गाण्यांमुळे चालकाला आपला हॉर्न ऐकू येत नाही. शेतातून चाकांना चिकटून आलेली काळी माती वळणावर पडते आणि दवाने ओली झाली की तिथे ब्रेक लावताच टायर घसरतो. सातारा, कऱ्हाड, सांगली, कोल्हापूर या साऱ्या भागात गाळप हंगाम हिवाळाभर चालतो, म्हणून रोजची ये-जा कारखान्याच्या रस्त्याने होणार नाही अशी वस्ती निवडावी.

घर पाहताना मुख्य रस्त्यापासून दारापर्यंतचा तुकडा पायी चालून पाहावा. कच्ची वाट असेल तर पावसाळ्यात रोजची कसरत तिथेच होते. पार्किंग छताखाली, सपाट आणि कुलूप लावता येईल असे असावे; उतारावर जड गाडी रोज मागे ओढणे पन्नाशीनंतर पाठीला झेपत नाही. जवळच्या गॅरेजमध्ये जाऊन मिस्त्रीशी बोलावे, आपल्या मापाचा टायर गावात मिळतो का ते विचारावे, आणि अपघाताचे रुग्ण घेणारे रुग्णालय किती अंतरावर आहे, हे स्वतः जाऊन पाहावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येते, पण ती कुठे घेऊन जाणार हेही माहीत हवे.

शक्य असेल तर आधी भाड्याने राहावे आणि अकरा महिन्यांचा करार मेच्या सुरुवातीला करावा, म्हणजे कडक ऊन आणि संपूर्ण पावसाळा दोन्ही अनुभवता येतात. राज्यातल्या राज्यात स्थलांतर केल्यास नवा पत्ता ३० दिवसांत आरटीओकडे कळवून आरसीवर नोंदवून घ्यावा आणि विमा कंपनीलाही कळवावा. बेळगाव किंवा गोव्यासारख्या परराज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असेल, तर तिथला नवा नोंदणी क्रमांक आणि त्यासाठी भरावा लागणारा कर घराच्या खर्चातच धरून ठेवावा.