‘कारखान्याला गेलेत’ कोणत्या रकान्यात लिहाल? श्रम-अर्थतज्ज्ञाच्या पहिल्या वर्षांतल्या या चुका टाळा

आमच्या बीडकडं दिवाळी सरली की वस्तीवरच्या घरांना कुलपं दिसायला लागतात. शेजारच्या म्हातारीला विचारलं तर ती एवढंच सांगते, “कारखान्याला गेलेत.” आपल्याला पुढं विचारावं लागत नाही. नवरा-बायको ऊसतोडीला गेलेत, मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली आहे, पट्टा पडला, म्हणजे तोडीचा हंगाम संपला, की परततील. पण हेच उत्तर एखाद्या सर्वेक्षणात जसंच्या तसं उतरवून घेतलं तर? उद्योगांच्या राष्ट्रीय वर्गीकरणात उसाची शेती ०११४ या संकेतांकात येते आणि साखरेचं उत्पादन १०७२ मध्ये. एका शब्दापायी ते जोडपं शेतीतून उठून कारखानदारीत जाऊन बसतं. मग लांब कुठंतरी तक्ता पाहणारा संशोधक लिहितो की इथले मजूर शेती सोडून उद्योगाकडं वळतायत.

आंतरराष्ट्रीय धोरण-संशोधनात श्रमबाजारावर काम करायला लागून मला सहा वर्षं झाली. संभाजीनगर, नांदेड, लातूरकडची एमए झालेली मुलं-मुली आपले मसुदे पाठवतात, तेव्हा मी केलेल्याच चुका मला त्यांत दिसतात. बहुतेकींचं मूळ एकच आहे. आपण रकान्याचं नाव वाचतो. त्या रकान्यामागं दारात उभं राहून कोणता प्रश्न विचारला होता, ते वाचत नाही.

दोन वेगळ्या बेरोजगारी शेजारी मांडणं

२०२३-२४ च्या पीएलएफएसमध्ये, म्हणजे आवर्ती श्रमबल सर्वेक्षणात, १५ वर्षांवरच्या लोकांचा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के आहे. एप्रिल २०२५ च्या मासिक अहवालात तो ५.१ टक्के आहे. हे दोन आकडे एका आलेखात मांडून “बेरोजगारी वाढली” असं लिहिलेले मसुदे माझ्याकडं आलेत.

पहिला आकडा नेहमीच्या स्थितीचा आहे. मागच्या ३६५ दिवसांत माणूस जास्तीत जास्त काळ काय करत होता हे त्यात पाहतात, आणि ३० दिवस किंवा त्याहून जास्त दुय्यम काम केलं असेल तर तेही धरतात. दुसरा आकडा चालू साप्ताहिक स्थितीचा आहे. मागच्या सात दिवसांत निदान एक तास तरी काम होतं का, एवढंच तिथं विचारतात. साप्ताहिक पद्धतीनं २०२३-२४ चाच दर ४.९ टक्के येतो. म्हणजे तुलना ४.९ शी करायची. तीही जपून, कारण जानेवारी २०२५ पासून सर्वेक्षणाचा आराखडाच बदलला आहे. शिवाय एकट्या महिन्याला हंगाम असतो. आपल्याकडं पट्टा पडल्यावर आणि पेरणीच्या आधी हाताला काम नसतंच. त्या महिन्याचा आकडा वर्षाच्या सरासरीशेजारी ठेवून निष्कर्ष काढता येत नाही.

असाच घोटाळा वयाचा होतो, आणि तो मी स्वतः केला आहे. पहिल्याच वर्षी मी तरुणांच्या बेरोजगारीचा तक्ता केला. भारताचा आकडा पीएलएफएसमधून घेतला, बाकी देशांचे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या संकेतस्थळावरून. बैठकीत एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी विचारलं, “सगळीकडं वयोगट एकच आहे ना?” मला उत्तर देता आलं नाही. आपल्याकडं तरुण म्हणजे १५ ते २९. त्या तक्त्यात बाकी सगळे १५ ते २४ होते. टिपण आठवडाभर थांबलं. तेव्हापासून प्रत्येक तक्त्याखाली वयोगट, पद्धत आणि कालावधी या तीन गोष्टी लिहिल्याशिवाय मी तो कुणाला दाखवत नाही.

वाटा आणि दर

२०२४ च्या भारत रोजगार अहवालात असं होतं की २०२२ साली एकूण बेरोजगारांमध्ये तरुणांचा वाटा सुमारे ८३ टक्के आहे. ते वाक्य फिरता फिरता “देशातले ८३ टक्के तरुण बेरोजगार” असं झालं. हा फरक साधा आहे आणि तरी दमलेल्या डोळ्यांना तो रोज चकवतो. छेदात कोण आहे, हे दर वेळी बोलून दाखवा. तसंच टक्के आणि टक्केबिंदू. स्त्रियांचा श्रमबल सहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या स्त्रियांचं शेकडा प्रमाण, २०१७-१८ मध्ये २३.३ होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला. ही वाढ १८.४ टक्केबिंदूंची आहे, १८.४ टक्क्यांची नाही.

बाई “घरीच असते”

इथं मला जरा थांबायचंय, कारण या एका आकड्यावर आज सगळ्यात जास्त लिहिलं जातंय आणि मराठवाड्यातून आलेल्या माणसाला यावर बोलण्यासारखं खरंच खूप आहे.

आमच्या गल्लीत कुणी माहिती लिहून घ्यायला आलं की पुढं येतो तो घरातला पुरुष. बायको काय करते विचारलं की म्हणतो, “काय नाय, घरीच असती.” तीच बाई पहाटे म्हशीचं दूध काढून डेअरीला पाठवते, खुरपायला जाते, सोयाबीन काढायला असते. विचारणाऱ्यानं पुढचे चार प्रश्न विचारले तर ती कौटुंबिक उद्योगातली मदतनीस म्हणून २१ या संकेतांकात जाते. नाही विचारले तर ९२ मध्ये, म्हणजे केवळ घरकाम, श्रमबलाच्या बाहेर. बाई तीच, कामही तेच.

म्हणून सहभाग वाढल्याचा आकडा हातात आला की लगेच “स्त्रियांना नोकऱ्या मिळाल्या” असं लिहू नका. आधी काम कोणत्या प्रकारचं ते पाहा. काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये स्वयंरोजगार असलेल्यांचा वाटा याच काळात ५१.९ वरून ६७.४ टक्क्यांवर गेला, आणि बिनपगारी मदतनीस त्यातच मोजल्या जातात. उलट “हे सगळं मोजणीचं नाटक आहे” असं म्हणणंही तितकंच घाईचं. किती भाग मोजणीचा आणि किती खऱ्या कामाचा, हे संकेतांकवार, ग्रामीण-शहरी वेगळं करून पाहावं लागतं.

दुसऱ्या देशाशी तुलना करायची म्हटलं की आणखी एक गाठ येते. २०१३ साली श्रम-संख्याशास्त्रज्ञांच्या एकोणिसाव्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं कामाची व्याख्या बदलली. मोबदला किंवा नफ्यासाठी केलेलं काम तेवढंच रोजगार. मुख्यतः घरी खाण्यासाठी पिकवलेलं धान्य हे काम खरं, पण रोजगार नाही. पीएलएफएस मात्र घरच्यासाठी केलेली शेतीही रोजगारातच धरतं. आता आपल्याकडचं दोन एकरांचं रान डोळ्यांपुढं आणा. सोयाबीन मोंढ्यात जातं, ज्वारी घरात राहते. बाईचे दिवस दोन्हीत गेलेले. नव्या व्याख्येनं ती रोजगारात आहे की नाही, हे त्या रानातला बहुतेक माल विकायला होता की घरच्याला यावर ठरतं. ज्या देशांनी नवी व्याख्या घेतली त्यांच्या शेजारी भारताचा आकडा ठेवताना हे तळटीपेत नाही, मजकुरात यायला हवं.

आणि ऊसतोडीतली बाई? तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता. तिची मोजणी अर्धा कोयता म्हणून होते. उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर, हिशोब टनावर आणि जोडीचा. तिची स्वतःची मजुरी किती, हे विचारलं तर तिलाही सांगता येत नाही, कारण ती वेगळी कधी हातात आलेलीच नसते. मजुरीच्या रकान्यात तिच्यापुढं शून्य दिसलं किंवा नवऱ्यापुढं दोघांची रक्कम दिसली, तर ती ओळ चुकीची म्हणून खोडून टाकू नका. ती ओळ काय सांगतेय ते शोधा.

आकडा जुळत नाही, तेव्हा

कच्ची माहिती घेऊन बसलात की पहिलं काम नवीन काही शोधण्याचं नाही. सरकारनं छापलेला एक आकडा, समजा ४१.७, आपल्या प्रोग्राममधून जसाच्या तसा काढून दाखवा. नाही आला तर कारणं ठरलेली असतात. दर बराच कमी येत असेल तर तुम्ही दुय्यम स्थिती विसरलात, किंवा १५ वर्षांखालचे गाळले नाहीत. किंचित इकडंतिकडं असेल तर शहरी भागातल्या पुनर्भेटीच्या (त्याच घरी पुन्हा जाऊन घेतलेल्या) नोंदी पहिल्या भेटीत मिसळल्यात. भारांची (एक नोंद किती लोकांच्या वतीनं धरायची त्या आकड्यांची) बेरीज देशाच्या लोकसंख्येच्या कित्येक पट येत असेल तर भाराला भागायचं राहिलं. २०२४ पर्यंतच्या फाइलींत तो १०० किंवा २०० नं भागून वर तिमाह्यांच्या संख्येनंही भागावा लागतो. त्या वर्षाच्या फाइलीसोबतचं टिपण वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका.

सगळं बरोबर केलं तरी बेरीज अंदाजित लोकसंख्येहून कमीच भरते. म्हणून “इतके कोटी लोक” लिहायचं असेल तर दर सर्वेक्षणातून घ्या आणि तो लोकसंख्येच्या अंदाजाला लावा.

आपल्या जिल्ह्याचा मोह

हा मोह मला समजतो. आपल्या गावाचा आकडा मिळाला तर कुणाला नको? पण २०२४ पर्यंतचा नमुना जिल्ह्यासाठी आखलेलाच नव्हता. आपले आठही जिल्हे सर्वेक्षणाच्या ‘अंतर्गत मध्य’ या विभागात येतात, आणि त्या विभागाचे ढोबळ दर काढता येतात. जिल्हा, त्यात स्त्रिया, त्यात पदवीधर, त्यात २५ ते २९ असं चाळत गेलात की हातात वीस-पंचवीस माणसं उरतात. त्यांच्यावर दशांशापर्यंतचा दर छापणं चूक आहे. नव्या आराखड्यात जिल्हा हा नमुन्याचा मूळ एकक झाला आहे, तरी प्रत्येक खणात किती माणसं आहेत आणि प्रमाण त्रुटी (नमुन्यामुळं आकडा किती इकडंतिकडं होऊ शकतो ते माप) किती, हे लिहावंच लागेल. दोन-तीन वर्षांची माहिती एकत्र करणं हा प्रामाणिक मार्ग आहे.

भविष्यनिर्वाह निधीच्या मासिक आकड्यांनाही नवीन नोकऱ्या समजू नका. वाळूजच्या एका छोट्या कारखान्यात १९ कामगार आहेत, विसावा कामगार घेतला की भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू होतो. नोकरी एक निर्माण झाली, आणि नोंदीत एकदम वीस माणसं येऊ शकतात.

‘उचल’चं भाषांतर

आंतरराष्ट्रीय वाचकासाठी लिहिताना दोन टोकांच्या चुका होतात. एक जण उचलीला ‘अ‍ॅडव्हान्स’ लिहून मोकळा होतो. वाचणाऱ्याला वाटतं, पगार थोडा आधी दिला. दुसरा थेट ‘वेठबिगारी’ लिहितो. ‘वेठबिगारी’ला कायद्याचं वजन आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९३० चा सक्तीच्या श्रमाचा करार क्रमांक २९ भारतानं १९५४ साली मान्य केला आणि वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. करारात सक्ती ठरवायला दोन गोष्टी पाहतात: शिक्षेची भीती होती का, आणि माणूस स्वेच्छेनं आला होता का. म्हणून आधी वर्णन करा. रक्कम कधी आणि कुणी दिली, फिटली नाही तर पुढच्या हंगामाला काय होतं, मध्येच टोळी सोडली तर काय होतं, हिशोब कुणाच्या वहीत असतो. एवढं लिहिलंत की कोणता शब्द लावायचा ते पुराव्यावरून ठरेल. ‘उचल’, ‘मुकादम’, ‘कोयता’ हे शब्द तसेच ठेवून पहिल्यांदा आल्यावर अर्थ सांगा. आपल्याकडच्या मुलांना हे शब्द गावठी वाटतात, म्हणून ते गाळतात. त्यामुळं टिपण गुळगुळीत होतं आणि त्यातला जीव जातो.

नोकरीपुरतं थोडं

धोरणाचं टिपण प्रबंधासारखं लिहू नका. शिफारस पहिल्या पानावर हवी. सुरुवातीची कामं बहुधा दिवसांच्या किंवा महिन्यांच्या करारावर मिळतात, म्हणून कर आणि दोन करारांमधले रिकामे महिने आधी हिशोबात धरा. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था भरतीसाठी पैसे घेत नाहीत. कुणी ‘प्रोसेसिंग फी’ मागितली तर तो फसवतोय. मराठी माध्यमातून आलात म्हणून बैठकीत गप्प बसू नका. व्याख्येबद्दलचा प्रश्न साध्या इंग्रजीतही विचारता येतो, आणि तो बहुतेक वेळा खोलीतला सगळ्यात उपयोगाचा प्रश्न असतो.

आणि क्षेत्रभेटीची तारीख दिल्लीच्या आर्थिक वर्षावर ठरवू नका. जानेवारीत आलात तर वस्तीवर म्हातारी माणसं आणि त्यांच्या जिवावर ठेवलेली लेकरं भेटतील. कोयते तेव्हा फडात असतात, राहायला कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत. कोपीवर जाऊन बोलायचं तर मुकादम शेजारी उभा असतो आणि बाईला स्वयंपाकाची घाई असते. पट्टा पडून माणसं घरी आली की पेरणीची धांदल सुरू व्हायच्या आधी या. दुपारी बाया ओट्यावर निवांत बसलेल्या असतात. तेव्हा विचारा, हिशोबात किती आले आणि किती फिटायचे राहिले.