शिकारीसाठी जुन्या घडणीची एकबारी रायफल निवडताना

मराठवाड्यात पीकसंरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीची बंदूक आजही काही शेतकऱ्यांच्या घरी आढळते. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडील हौसेची शिकार संपली, आणि रोह्यांनी तुरीचे शेत आडवे केले तरी वन विभागाच्या परवानगीवाचून त्यांच्यावर बार काढता येत नाही. त्यामुळे पुढील विवेचन लातूर-नांदेडकडून अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि तेथील रीतसर परवान्यावर हरणाची शिकार करू इच्छिणाऱ्या आपल्या मंडळींसाठी आहे.

सर्वप्रथम आपण राहता त्या अमेरिकी राज्याचा नियम वाचावा. कोलोरॅडोत ठासणीच्या बंदुकीसाठी राखलेल्या शिकारीच्या हंगामात तोंडाकडून भरण्याचीच बंदूक लागते, तर लुइझियानात तशा हंगामात घोडा (काडतुसावर आघात करणारा हातोडा) बाहेरून उघडा असलेली, मागून काडतूस भरण्याची एकबारी रायफलही चालते.

इटलीतील पेडरसोली व उबेर्ती या कंपन्यांच्या जुन्या रायफलींच्या प्रतिकृती सर्वत्र मिळतात. मोंटानातील शायलो कंपनीची रायफल महाग, पण घडणीला देखणी. अनेकांचे मन १८७४ च्या नमुन्याच्या शार्प्स रायफलीवर बसते आणि तेथेच निवड चुकते, कारण ३२ इंची जाड अष्टकोनी नळीची शार्प्स साडेपाच किलोच्या घरात जाते. निशाणेबाजीच्या मैदानावर हे वजन हात स्थिर ठेवते. मात्र ज्वारीची पाच किलोची पिशवी हातात धरून दिवसभर डोंगर चढून पाहावा, म्हणजे माझे म्हणणे पटेल. पायी शिकार करणाऱ्याने २६ ते २८ इंची सडपातळ नळीची रेमिंग्टन रोलिंग ब्लॉक किंवा विंचेस्टरची १८८५ ची हाय वॉल पाहावी. स्प्रिंगफील्डची ट्रॅपडोर हलकी असते, पण तिची रचना नाजूक असल्याने आधुनिक रायफलींसाठी बनवलेली जास्त दाबाची काडतुसे तिच्यात कदापि घालू नयेत.

काडतूस .४५-७० असावे. यातील पहिला आकडा इंचातील व्यास आणि दुसरा काळ्या बारुदीचे ग्रेनमधील (वजनाचे छोटे एकक) वजन दाखवतो. अमेरिकी लष्कराने १८७३ साली स्वीकारलेल्या या काडतुसातील ४०५ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे १,३०० फूट वेगाने निघते; शंभर यार्डांवर नेम बसवला, तर दोनशे यार्डांपर्यंत ती फूटभराहून अधिक खाली येते. १८७४ साली बिली डिक्सन या रानगव्यांच्या शिकाऱ्याने टेक्सासमधील अडोबी वॉल्स येथे पंधराशे यार्डांपलीकडून माणूस पाडल्याची कथा सांगितली जाते, आणि ती ऐकून नवखे उगाच लांबचा नेम धरतात. जनावर तडफडू नये, यासाठी दीडशे यार्डांची मर्यादा मी योग्य मानतो.

दस्त्याच्या मानेवरील उभी व्हर्निअर साइट (बारीक मोजणीने वरखाली होणारी, छिद्राची नेमपट्टी) सुंदर दिसते, परंतु संधिप्रकाशात तिच्या बारीक छिद्रातून हरीण दिसत नाही. म्हणून नेमासाठी मागे साधी खाच आणि नळीच्या टोकावर जाड माशी घ्यावी. दुकानात बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घोडा अर्ध्यावर चढवावा व चाप दाबून पाहावा. घोडा सुटला, तर ती बंदूक तेथेच ठेवावी.

शेवटची पारख सफाईची. काळ्या बारुदीची राख हवेतील ओल शोषते आणि गंज धरवते, त्यामुळे नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावावे लागते. रोलिंग ब्लॉकचा घोडा व ब्लॉक मागे ओढताच नळी आरपार दिसते, आणि थकून परतलेल्या संध्याकाळी ही सोय फार मोलाची ठरते.